ज्याने मारला त्याने आणायचा

चंद्रहास चुरीला आपण निवृत्त झाल्याची बातमी रस्त्यावर समजली, तीही फ्लेक्सवरून.

गुरुवार होता. स्कूटरच्या पायाशी केळीच्या पानांचे सहा गठ्ठे रचून तो विरारला निघाला होता. गासच्या नाक्यावर, जिथे एरवी पुढाऱ्यांचे वाढदिवस लटकतात, तिथे या वेळी तोच लटकला होता. चांगला आठ फुटी. फोटो पंधरा वर्षांपूर्वीचा, केस सगळे जागेवर, हातात जिल्ह्याचा फुटबॉल कप. वर मोठ्या अक्षरांत 'मैदानाचा राजा चंद्रहास चुरी यांचा कृतज्ञता सोहळा', तारीख फेब्रुवारीतल्या दुसऱ्या रविवारची, कोपऱ्यात शाल-श्रीफळाचं चित्र आणि खाली 'आपले नम्र' म्हणून एकवीस पोरांचे पासपोर्ट फोटो. त्या एकवीस नम्रांपैकी एकानेही त्याला विचारलं नव्हतं.

स्कूटर बंद करून तो बराच वेळ स्वतःकडे बघत उभा राहिला. जिवंत माणसाचा एवढा मोठा फोटो, फक्त हार घालायचा बाकी होता. शेजारच्या हेलन मावशी पावाची पिशवी घेऊन चालल्या होत्या, त्याही थांबल्या.

"काय रे चंदू, सोडलास खेळ?"

"मी नाही सोडला मावशी. पोरांनी सोडवला."

"फोटो बरा आलाय पन," मावशी म्हणाल्या आणि पुढे गेल्या.

गासमध्ये शाल म्हणजे नुसती शाल नाही. मॅचच्या दिवशी मैदानाच्या कडेला ज्या खेळाडूच्या खांद्यावर ती पडली, तो पुन्हा रेघेच्या आत पाऊल टाकत नाही. त्याला मांडवात पहिल्या रांगेत खुर्ची मिळते, लिंबू सरबत मिळतं, बक्षीस द्यायला उठवतात आणि परत बसवतात. हे कुठे लिहिलेलं नाही, पण आजवर कुणी मोडलेलं नाही. चंद्रहासने अशा सात-आठ जणांना खुर्चीत बसताना पाहिलं होतं. बसले ते बसलेच. दोन वर्षांत त्यांची पोटं सुटली आणि तिसऱ्या वर्षी ते 'आमच्या वेळी' असं म्हणायला लागले.

चंद्रहास चव्वेचाळीसचा. घरची दीड एकर वाडी, तीत केळी, पानवेली, बांधाला नारळ. मधली सहा वर्षं गोखिवऱ्याच्या एका कारखान्यात तो नोकरीलाही होता. एकदा फायनलच्या दिवशी सुपरवायझरने रजा नाकारली, तेव्हा त्याने युनिफॉर्म घडी करून टेबलावर ठेवला आणि फायनल खेळायला आला. दोन गोल मारले. घरी बापाने आठवडाभर तोंड बघितलं नाही, पण मॅच बघायला तोच बाप पहिल्या रांगेत होता, हे चंद्रहासने धावता धावता पाहिलं होतं. असा तो माणूस. डोकं गरम, डावा पाय थंड. त्या डाव्या पायाने त्याने वसईच्या किल्ल्यापासून अर्नाळ्यापर्यंत असं एक मैदान ठेवलं नव्हतं की जिथल्या जाळीत बॉल घातला नाही.

गासचं मैदान म्हणजे खरं तर भाताचं शेत. भात कापून झालं की रोलर फिरवायचा, चुन्याने रेघा मारायच्या, झालं मैदान. तीन बाजूंना बांध आणि चौथ्या बाजूला बावखल, म्हणजे वाड्यांना पाणी पुरवणारं जुनं तळं, उभा माणूस कमरेपर्यंत बुडेल इतपत. मॅचमध्ये चार-पाच वेळा तरी बॉल त्यात जाणारच. त्याचा नियम आलोशियस डाबरे काकांनी पन्नास वर्षांपूर्वी घालून दिला: ज्याने मारला त्याने आणायचा. कॅप्टन असो नाहीतर कुणाचा जावई असो, दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. बॉल येईपर्यंत खेळ थांबेल, घड्याळ थांबणार नाही, कारण तेव्हा गावात बॉल एकच होता आणि उजेड आहे तोवर सगळ्या मॅच उरकायच्या असत. आणायला गेलेला मुद्दाम रेंगाळला तर पिवळं कार्ड. आता टाइमकीपर असलेल्या आलोशियस काकांच्या टेबलाखाली अर्धा डझन नवे कोरे बॉल असतात, पण नियम तसाच आहे. बाहेरच्या टीम हसतात. हसू देत. त्यांच्या मैदानाला बावखल नाही.

चंद्रहास दहा वर्षांचा असताना पहिल्यांदा त्या पाण्यात उतरला होता. रडत उतरला, बॉल घेऊन वर आला, तेव्हा आलोशियस काका म्हणाले, "आता तू गावचा खेळाडू." त्यानंतर चौतीस वर्षं त्याने आपला बॉल आपणच आणला.

म्हणून मागच्या डिसेंबरातली ती गोष्ट त्याला लागली. सरावाच्या वेळी त्याचा एक शॉट बारवरून बावखलात गेला. तो निघाला, तेवढ्यात कॅप्टन सुमेध धावत आला आणि त्याच्या दंडाला धरून म्हणाला, "दादा, तुम्ही राहू द्या, मी आणतो." सुमेध सत्तावीसचा, बँकेत नोकरीला. त्याला बुटाच्या नाड्या बांधायला चंद्रहासने शिकवलं होतं. पोराच्या आवाजात कुचेष्टा नव्हती, काळजी होती, आणि तेच वाईट होतं. पाण्यात न उतरताही चंद्रहासला गारठल्यासारखं झालं. त्यानंतर त्याला मॅचमध्ये शेवटची पाच मिनिटं मिळायला लागली, मग तीही नाही. आणि आता हा फ्लेक्स.

पानं पोचवून तो परत आला तो थेट क्लबच्या खोलीवर. सुमेध संध्याकाळी बँकेतून येऊन स्पर्धेच्या याद्या लावत बसला होता. यादीत सात खेळाडू आणि तीन राखीव. दहाही नावं चंद्रहासने उभ्या उभ्या वाचली.

"माझं नाव दिसत नाही," तो म्हणाला.

"दादा, तुमचा सत्कार आहे ना." सुमेध उठून उभा राहिला. "आम्हाला तुमचा मान राखायचा होता."

"मान राखायचा तर टीममध्ये राख. दहावा म्हणून बसव, बाकावर बसेन. पण काढताना तोंडावर सांगायचं होतंस. नाक्यावर टांगायचं नव्हतं."

"तोंडावर सांगू?" आता सुमेधचाही पारा चढला. "तुम्ही वळेपर्यंत समोरचा गोल मारून परत येतो. मागच्या वर्षी सेमी फायनल त्याच्यामुळे गेली. पोरं बोलत नाहीत, कारण सगळ्यांना तुम्हीच शिकवलंय. उजवा गुडघा गेलाय दादा. सगळ्या गावाला दिसतंय, तुम्हालाच दिसत नाही."

"मग हेच लिहायचं होतंस फ्लेक्सवर. मैदानाचा राजा कशाला लिहिलंस?"

चंद्रहासने हात पुढे केला.

"सोडचिठ्ठी दे."

दुसऱ्या गावाकडून खेळायचं तर आपल्या क्लबच्या कॅप्टनच्या सहीचं पत्र लागतं. त्याला या पट्ट्यात सगळे सोडचिठ्ठीच म्हणतात. ती मागणारे बहुतेक विशी-बाविशीतले, लग्न करून सासुरवाडीला राहायला गेलेले. चव्वेचाळिसाव्या वर्षी ती कुणी मागितल्याचं सुमेधने ऐकलं नव्हतं. त्याला हसू आलं, आणि ते त्याने आवरलं नाही.

"दादा, कोण घेणार तुम्हाला?"

"ते मी बघतो. तू सही कर."

सुमेधने सही केली. बाहेर आल्यावर चंद्रहासचे डोळे भरून आले आणि त्याला स्वतःचाच भयंकर राग आला. त्याने कागदाची चार घड्यांची पुडी करून खिशात घातली आणि स्कूटरला तीनदा किक मारली, तेव्हा त्याला आठवलं की ती बटणावर चालू होते.

पुढच्या गुरुवारी पानांचे गठ्ठे घेऊन तो विरारच्या चंदनसारला गेला. तिथल्या एका खानावळीत त्याची पानं जात, आणि खानावळीच्या मागे, दोन इमारतींच्या मधल्या मोकळ्या प्लॉटवर काही मुलं संध्याकाळी फुटबॉल खेळत. चंद्रहासने त्यांना अनेकदा पाहिलं होतं. त्यांच्यात साताऱ्याचे होते, देवगडचे होते, एक जौनपूरचा होता, आणि सगळ्यांचे बाप कधी ना कधी विरारला फ्लॅट घेऊन किंवा भाड्याने आलेले. मागच्या वर्षी ही टीम गासच्या स्पर्धेत आली होती आणि पहिल्याच मॅचला सात शून्यने हरून गेली होती. त्या सातांतला एक चंद्रहासचा होता. गासची पोरं त्यांना 'फ्लॅटवाले' म्हणत. चंद्रहासही म्हणत असे, ते त्याला त्या संध्याकाळी आठवलं आणि जरा ओशाळल्यासारखं झालं.

त्यांचा कॅप्टन उमंग. एसी दुरुस्त करायचं काम. पाठीवरची हत्यारांची पिशवी भिंतीशी ठेवून तो बूट घालत होता.

"तुमच्याकडून खेळायचंय," चंद्रहास म्हणाला आणि चिठ्ठी पुढे केली.

उमंगने चिठ्ठी वाचली, मग वर बघितलं, मग पुन्हा चिठ्ठी वाचली. "काका, तुम्ही गासचे चुरी ना? लास्ट इयर तुम्ही आमची वाट लावली होती."

"एकच गोल मारला होता."

"तो एकच मला अजून स्वप्नात येतो." उमंग हसला. "पण ट्रायल द्यावी लागेल हां. सगळ्यांनाच असते. असं डायरेक्ट नाही घेत."

चंद्रहासला हे ऐकून इतकं बरं वाटलं की त्याने लगेच चपला काढून स्कूटरच्या डिकीतून बूट काढले. कितीतरी वर्षांत कुणी त्याची परीक्षा घेतली नव्हती. नुसता नमस्कार करत होते.

प्लॉटला सहा फेऱ्या मारायच्या होत्या. तो शेवटून पहिला आला, आणि शेवटच्या फेरीत तर जौनपूरवाला त्याला ओलांडून पाणी पिऊन बसलाही होता. मग दोन बाजू पाडून अर्धा तास खेळ झाला. खेळ संपल्यावर उमंग त्याच्या शेजारी येऊन बसला.

"काका, खरं सांगू? राग नका मानू. स्पीड झीरो आहे."

"पुढे बोल."

"पण बॉल एकदा तुमच्या पायाला लागला ना, मग कोणाच्या बापाला काढता येत नाही. आमच्यात सगळे पळतात, पळतच सुटतात. बॉल धरून उभा राहणारा एकपण नाही." त्याने पिशवीतून एक टी-शर्ट काढला. पाठीवर तेवीस नंबर, छातीवर एका टाइल्सच्या दुकानाची जाहिरात. "नऊ नंबर नाही मिळणार. तो माझा आहे."

"तेवीस चालेल," चंद्रहास म्हणाला.

आठवड्यातून तीन संध्याकाळी तो तिकडे जायला लागला. पहिल्याच दिवशी कुणाचा तरी बॉल कडेला उभ्या टेम्पोखाली गेला आणि सगळे एकमेकांकडे बघत उभे राहिले, तेव्हा त्याने बावखलाचा नियम सांगितला. पोरांना मजा वाटली. दुसऱ्या दिवशी त्याचाच शॉट टेम्पोखाली गेला. तो ओणवा होऊन, मग पालथा पडून, कोपरं घासत आत सरकला. कुणी पुढे आलं नाही. उमंग कंबरेवर हात ठेवून वाट बघत होता आणि वरून म्हणत होता, "काका, जल्दी." टेम्पोच्या खाली ऑइलच्या डागावर पडल्या पडल्या चंद्रहासला हसू फुटलं.

गावात व्हायचा तो बोभाटा झालाच. गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कुणीतरी 'गद्दार' असं लिहिलं आणि त्यावर बारा जणांनी अंगठे उचलले. चंद्रहासने तेवीस नंबरचा टी-शर्ट घालून आरशात काढलेला फोटो त्याच ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, 'आपला नम्र, चंद्रहास'. त्यानंतर ग्रुप दोन दिवस चिडीचूप होता.

बायको सीमा मात्र ग्रुपवरची नव्हती, घरातली होती. ती पोस्टात काउंटरवर बसते, दिवसभर लोकांचं ऐकून घेते आणि घरी आल्यावर ऐकवते.

"गुडघा कोणाचा आहे?" तिने विचारलं.

"माझाच."

"शेकायचा कोणी?"

तिने कपाट उघडलं आणि वरचा कप्पा दाखवला. "कुणाचं लग्न, कुणाचं उद्घाटन, कुणाची पूजा. अकरा शाली आहेत घरात. एकीची घडी मोडलेली नाही. बारावी कुठे ठेवू? त्यापेक्षा जा तुम्ही आणि खेळा." मग तिने कपाट लावलं. "पण पट्टा बांधल्याशिवाय गेलात तर याद राखा. आणि त्या लोकांसमोर पडायचं नाही. पडायचं तर चंदनसारला पडा."

स्पर्धेच्या रविवारी सीमा हेलन मावशींच्या शेजारी, मांडवाच्या बाहेर, उन्हात खुर्ची टाकून बसली. आठ टीम होत्या. सकाळच्या पहिल्या मॅचला चंदनसार पेनल्टीवर कसंबसं निभावलं. गास चार शून्यने जिंकलं. दुपारी तीनला सेमी फायनल लागली, गास विरुद्ध चंदनसार.

सुमेधच्या मनात सत्कार गुंडाळून ठेवायचा होता. पण प्रमुख पाहुणे, कुठल्याशा समितीचे माजी सभापती, शालीसकट येऊन बसले होते आणि त्यांना चारच्या आत एका बारशाला जायचं होतं. माइकवरून पुकारा झाला, "मैदानाचा राजा चंद्रहास चुरी यांना विनंती, त्यांनी मंचावर यावं." राजा त्या वेळी तेवीस नंबरचा टी-शर्ट घालून बावखलाच्या काठाला गुडघ्याचा पट्टा आवळत होता. सगळं गाव त्याच्याकडे बघायला लागलं. तो लंगडत नाही असं दाखवत मंचापर्यंत गेला. सभापतींनी शाल उलगडली.

चंद्रहास मंचाच्या पायरीखालीच थांबला. "साहेब, आता अंगाला घाम आहे. घडी करून ठेवा. मॅच झाल्यावर बघू."

मांडवात हशा झाला, थोड्या शिट्ट्याही झाल्या, आणि 'घरभेदी' असंही कुणीतरी ओरडलं. टाइमकीपरच्या टेबलावर बसलेल्या शहात्तर वर्षांच्या आलोशियस काकांनी सभापतींच्या हातातली शाल घेतली, नीट घडी केली आणि घड्याळाशेजारी ठेवली. "मॅच चालू करा," ते माइकवर म्हणाले. "उजेड कोन थांबवनार?"

वीस-वीस मिनिटांचे दोन हाफ. पहिल्या हाफमध्ये गासने चंदनसारला आपल्या गोलसमोरून हलू दिलं नाही, पण बॉल दोनदा खांबाला लागला आणि एकदा गोलकीपरच्या तोंडाला. चंद्रहास पुढे एकटाच उभा होता. धावायला जात नव्हता. गावातली पोरं बाहेरून ओरडत होती, "ओ दादा, खुर्ची आणू का?" त्याने एकदाही तिकडे मान वळवली नाही, पण प्रत्येक शब्द त्याला ऐकू येत होता आणि कोण बोललं तेही कळत होतं. त्यातल्या निम्म्यांना त्याने पोहायला शिकवलं होतं.

दुसऱ्या हाफच्या सातव्या मिनिटाला लांबून एक उंच बॉल आला. चंद्रहासने तो छातीवर घेतला आणि गोलकडे पाठ करून पायाखाली दाबून धरला. मागून सुमेध येऊन चिकटला. आधी खांद्याने रेटलं, मग कोपर, मग सगळं अंग. चंद्रहास हलला नाही. चौतीस वर्षं नांगरलेल्या त्या शेतात त्याचे पाय बांधाच्या दगडासारखे रुतले होते. डाव्या बाजूने उमंग पळत सुटलेला त्याने न बघता ओळखला आणि टाचेने बॉल मागे सारला. उमंगने तो तसाच जाळीत घातला. मांडव गप्प झाला. बाहेर उन्हात एकच बाई उठून उभी राहून टाळ्या वाजवत होती. हेलन मावशींनी आधी इकडे तिकडे बघितलं, मग त्याही वाजवायला लागल्या.

पुढची अकरा मिनिटं गास नुसतं तुटून पडलं. चंदनसारचे सगळे मागे आले, चंद्रहासही आला. पट्ट्याच्या आत गुडघा ठणकत होता. त्याला तो स्पष्ट सांगत होता की आता पुरे, आणि चंद्रहास त्याला मनातल्या मनात शिव्या घालत होता. काकांनी माइकवर "दोन मिनिटं" म्हटलं, आणि तेवढ्यात कॉर्नरवरून बॉल आत आला. गोलकीपर उडी मारून पडला, बॉल त्याच्या हातून निसटला, आणि समोर रिकामी जाळी बघून सुमेधने जीव खाऊन मारला. तो बॉल चंद्रहासच्या उजव्या गुडघ्यावर, बरोबर पट्ट्यावर बसला. डोळ्यांपुढे काजवे चमकले. पण तो पडला नाही. बॉल समोर टप्पा घेत होता. त्याने डावा पाय ओढला आणि हाणला. बॉल रेघेवरून, काठावरून, माणसांवरून गेला आणि बावखलाच्या मधोमध जलपर्णीत जाऊन बसला.

शिट्टी वाजली. खेळ थांबला. आलोशियस काकांचं घड्याळ चालू होतं.

चंद्रहास बावखलाकडे निघाला. काठ चाळीस पावलांवर होता. मागून उमंग ओरडला, "काका, आरामात!" आणि लगेच माइकवरून काकांचा आवाज आला, "रेंगाळला तर कार्ड मिळेल." पण रेंगाळण्याची गरजच नव्हती. तो खरोखर जमेल तितक्या जलद चालत होता. प्रत्येक पावलाला गुडघा मागे राहत होता आणि प्रत्येक पावलाला गासचा एक-एक सेकंद जात होता. ज्या गुडघ्यापायी त्याला यादीतून काढलं, तोच गुडघा आता गासच्या मुळावर आला होता. हे आधी त्याच्या लक्षात आलं, मग गावाच्या. मांडवातली माणसं खुर्च्या सोडून काठावर आली. 'पळ', 'लवकर', 'अरे चल ना' असा कल्लोळ सुरू झाला. कुणी दादा म्हणत नव्हतं. कुणी राजा म्हणत नव्हतं. समोरच्या टीमच्या माणसाला घालतात तशा शिव्या त्याला पडत होत्या, आणि त्याचा ऊर भरून आला.

तो काठाच्या दगडी पायऱ्यांशी पोचला, तेव्हा सुमेध मागून धावत आला. एक बूट त्याने वाटेतच काढून टाकला होता, दुसऱ्याची नाडी सोडत तो एका पायावर उड्या मारत होता. चेहरा रडवेला झाला होता.

"दादा, तुम्ही राहू द्या! मी आणतो! प्लीज दादा, मी आणतो!"

चंद्रहास पहिल्या पायरीवर थांबला आणि वळला. डिसेंबरपासून हे वाक्य त्याच्या पोटात होतं. तेव्हा त्यात दया होती. आता निव्वळ गरज होती, आणि असं सुमेधने आपल्याकडे काही मागितलेलं त्याने कितीतरी वर्षांत पाहिलं नव्हतं.

"हात लावू नको सुमेध," माइकवरून आलोशियस काका म्हणाले. "मारला कोनी?"

"मी मारला," चंद्रहास मोठ्याने म्हणाला. "मीच आणणार."

तो पाण्यात उतरला. पाणी फेब्रुवारीचं, गार. गुडघ्याला फार बरं वाटलं. चिखलात पाय रोवत, जलपर्णी बाजूला करत तो मध्यापर्यंत गेला आणि बॉल उचलून काखेत घेतला. वळतो तोच आलोशियस काकांनी हात वर केला आणि लांब शिट्टी वाजली. प्लॉटवरची सगळी पोरं ओरडत काठाकडे पळत सुटली. त्यांच्या मागून, तितकीच ओरडत, सीमा.

चंद्रहास सावकाश काठाशी आला. सुमेध अजून पायरीवर तसाच उभा होता, एक पाय अनवाणी. त्याने वर ओढून घ्यायला हात पुढे केला. चंद्रहासने त्या हातात बॉल दिला, आणि डाव्या पायावर जोर देऊन तो आपला आपण वर आला. चिखल कमरेपर्यंत निथळत होता.

"छातीवर घेतला तेव्हा मी मागून ढकललं," सुमेध खाली बघत म्हणाला. "सगळी ताकद लावली होती. हललाच नाहीत."

"माहितीये. पुढच्या वेळी पाठीला चिकटू नकोस. बाजूने ये. मला वळायला वेळ लागतो, तूच म्हणालास ना?"

सुमेधने मान हलवली. हसावं की रडावं हे त्याला ठरवता येत नव्हतं.

आलोशियस काका काठी टेकत आले. दुसऱ्या हातात घडी केलेली शाल होती. सभापती बारशाला निघून गेले होते. काकांनी एकदा शालीकडे बघितलं, एकदा त्या चिखलाने माखलेल्या माणसाकडे.

"चंदू, हिचं काय करू?"

चंद्रहासने बूट काढून त्यातलं पाणी ओतलं आणि पुन्हा पायात चढवला.

"राहू दे तुमच्यापाशी. पाचला फायनल आहे."